दादासाहेबांची भाकरी

दिवेलागणीला आमचे शेजारी दादासाहेब काचेच्या हौदात कोपरापर्यंत हात घालून बसायचे आणि थोड्या वेळाने डोळे मिटून म्हणायचे, "आली."

कोण आली, हे विचारायची गल्लीत कोणाची छाती नव्हती. मी विचारलं. मी शिंपी माणूस. शाळा चौथीत सुटली, त्यामुळे भ्यायचा धडा शिकायचा राहून गेला.

"फैसला सुरक्षित," दादासाहेब म्हणाले.

म्हणजे निकाल राखून ठेवला. हे त्यांचं नेहमीचं. जन्मभर कोर्टात पेशकार होते, जज्जापुढे फायली ठेवायचे, तेव्हा घरातही कोर्टच. भाजी कुठली करायची विचारा, फैसला सुरक्षित. दुधात पाणी आहे म्हणून दूधवाल्याला एकदा दारात उभा केला. तो म्हणाला, पाणी नाही. हे म्हणाले, "गवाह लाओ." तो बिचारा म्हणाला, "भैंस को ले आऊं, भिया?"

हौदात मासा होता, पण माशासारखा मासा नाही. गोल, चपटा, मागे शेपूट आणि शेपटीला विषारी काटा. त्यांच्या मुलाचा शौक. तो नोकरीला बंगळूरला गेला आणि शौक आईच्या पदरात टाकून गेला. दादासाहेबांच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, पहिल्यांदा बघितलं आणि म्हणाल्या, "अगंबाई, ही तर तव्यावर डाग पडलेली भाकरी!" तेच नाव पडलं. ज्या घरात चातुर्मासात कांदा चिरत नाहीत, त्या घरच्या फ्रीजमध्ये तिच्यासाठी झिंगे आले. डबा वेगळा, वर घट्ट झाकण, आणि झाकणावर तुळशीचं पान.

वहिनी कार्तिकात गेल्या. मागोमाग थंडी पडली आणि भाकरी बिघडली.

आधी ती वाळूत अंग पुरून पडलेली असायची, वर नुसते दोन डोळे. आता बसल्या बसल्या एकदम वाळू उडवून उठायची आणि पलीकडच्या काचेवर चढायची. काचेवर चढली की तिचं पोट दिसतं, आणि त्या पोटाला चेहरा आहे. खोटं सांगत नाही. पांढराफटक चेहरा, डोळ्यांच्या जागी दोन बारीक भोकं, खाली तोंड, किंचित हसल्यासारखं. तो चेहरा काचेवर वर-खाली, वर-खाली. आवाज काही नाही. हौदाच्या या टोकाला कोपऱ्यात दादासाहेबांचा हात. आधी भाकरी पळायची, मग हे म्हणायचे, "आली." काही वेळाने चेहरा काचेवरून उतरायचा आणि हे म्हणायचे, "गेली."

मी भूत मानत नाही. देवीच्या टेकडीवरून रात्री उतरताना मागे बघत नाही, एवढंच.

"पहिला गवाह भाकरी," दादासाहेबांनी मला समजावलं. "या कोपऱ्यात ती पाऊल टाकत नाही."

"तिला पाय कुठे आहेत?"

"कार्यवाहीत मध्ये बोलायचं नाही, मास्तर. दुसरा गवाह माझा हात. मुंग्या येतात, पार मनगटापर्यंत. आता तिसरा गवाह पायजे." आणि माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, दुकान उघडं टाकून आलोय.

मग भाकरीने जेवण सोडलं. झिंगा तोंडाजवळ नेला तरी तोंड फिरवायची. दहाव्याला कावळा शिवेना की घाटावर माणसं गेलेल्याच्या मनातलं ओळखून एकेक वचन देतात, तसे दादासाहेब चिमट्यात झिंगा धरून हौदाशी उभे राहिले.

"तुझी पैठणी नातीला देईन."

भाकरी ढिम्म.

"गोड कमी खाईन."

ढिम्म.

"मुलाला फोनवर टाकून बोलणार नाही. मास्तरांच्या शिलाईला नावं ठेवणार नाही."

भाकरी उठून काचेवर चढली आणि तो हसरा चेहरा आमच्याकडे करून राहिली. मी घरी जाऊन मीठ-मोहऱ्या घेऊन आलो आणि हौदावरून ओवाळल्या.

"पाण्यातल्या माशाला मिठाने काय होणार?" दादासाहेब म्हणाले.

"समुद्रातली आहे ना?"

"नदीतली आहे."

"मग मोहऱ्या लागू पडतील."

मोहऱ्याही लागू पडल्या नाहीत. एके संध्याकाळी गेलो तर भाकरीच्या कडा वर वळल्या होत्या. कापडाचा आतला धागा ओढला गेला की झालर अशीच गोळा होते, मग कितीही इस्त्री करा. दादासाहेबांनी मुलाला फोन लावला होता. पलीकडून तो म्हणाला, "बाबा, कडा वळल्या की बहुतेक वाचत नाहीत."

दादासाहेबांनी फोन खाली ठेवला. "ही पण चालली, मास्तर."

त्यांचं तोंड बघून मला राहवेना. म्हटलं, होतो तिसरा गवाह. वहिनी कोणाला काही करायच्या नाहीत. चपला मी रिवाजाप्रमाणे बाहेरच काढल्या होत्या. दादासाहेबांच्या पायात मात्र घरातही रबरी सपाता, थंडी बाधते म्हणून. फरशीवर हौदातलं पाणी सांडलेलं. त्यात अनवाणी उभा राहिलो, देवीचं नाव घेतलं आणि कोपऱ्यात हात घातला.

कोणीतरी खांद्यापर्यंत हात हिसडला. मी मागच्या पलंगावर जाऊन पडलो.

"वहिनी नाही हो!" मी ओरडलो. "करंट आहे! त्या कोपऱ्यात पाणी तापवायची नळी आहे ना, ती फुटलीय. त्या जीवाला रोज झटके बसतायत, जेवेल कुठून?"

दादासाहेबांनी कपाटामागे हात घातला आणि न बघता प्लग उपसला.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"पेशकार होतो मी. नळीचा लाल दिवा लागला की मुंग्या, विझला की गेल्या. एवढं कळत नाही?" ते खुर्चीत बसले. "भाकरीचं नाही कळलं. एवढ्याशा मुंग्यांनी तिला काय होणार, वाटलं. वाटलं, तीही आमच्या हिच्यासाठीच उपाशी आहे."

"पण मग हात कशाला घालायचा?"

त्यांनी खुर्ची हौदाजवळ ओढली.

"आमच्या हिला साखरेचा आजार होता. शेवटी शेवटी हात बधिर झाले होते. संध्याकाळी इथेच बसायचो, हिचा हात हातात घेऊन. म्हणायची, अहो, तुमचा हात काही कळत नाही, नुसत्या मुंग्या कळतात. तशा आता मला कळत होत्या. तिला कसं वाटत असेल, ते."

मी म्हटलं, "पाणी गार होईल. नवी नळी उद्या इंदूरहून आणू, पण आत्ताचं काय?"

दादासाहेब उठले आणि आतून वहिनींची शेकायची रबरी पिशवी घेऊन आले. मी चुलीवर पाणी ठेवलं. पिशवी भरून दिली, त्यांनी ती कोपऱ्यात पाण्यात धरली. निवाली की मी पुन्हा भरायची, त्यांनी पुन्हा धरायची. कोर्ट नाही, गवाह नाही.

पाणी जरा कोमट झालं तशी भाकरी वाळूवरून सरकायला लागली. थांबत थांबत आली आणि त्यांच्या बोटांवर अंग टाकून पडली.

"काटा आहे, दादासाहेब. हात काढा."

"राहू द्या, मास्तर," ते म्हणाले. "कळतंय."