चार लाल झेंडे

“बाबा, तुम्हाला आजवर कधी काही सापडलंय का हो?”

प्रश्न पिपाणीचा नव्हता. ‘विचारून दाखव’ म्हणून मधल्या सुट्टीत मैत्रिणींनी पैज लावली होती. पिपाणी हे नाव तिला आवाजामुळे पडलेलं, पण हल्ली हिंमतही त्याच पट्टीत चढली होती. बाबांचं काम असं, की कुठे खाण निघायची असली तर आधी जाऊन तिथे जुनंपुराणं काही आहे का ते बघायचं. असलं तर खाण सरकते, नसलं तर डोंगर जातो. आजवर डोंगरच जात आले होते.

बाबांनी घास खाली ठेवला. “एक मूठ सापडली होती.”

“ती आपल्याच छत्रीची,” आई म्हणाली.

“उद्या टेकडीवरचा शेवटचा दिवस आहे,” बाबा पडेल आवाजात म्हणाले. “सुट्टीच आहे ना तुला? ये, बघ स्वतःच.”

टेकडीवर सगळे एका ओळीत, माना खाली घालून चालत होते, जणू सगळ्यांची मिळून एकच अंगठी हरवली होती. काही दिसलं की तिथे लाल झेंडा रोवायचा. झेंडा रोवला की त्या जागेत कुणीही पाऊल टाकायचं नाही, मग तो कितीही मोठा साहेब असो. बाबांनी पिपाणीच्या हातातही झेंड्यांची जुडी दिली. खाण कंपनीचे मॅनेजर झाडाखाली खुर्ची टाकून बसले होते. शेजारी त्यांचं खोदायचं यंत्र उभं होतं. दोघंही जांभया देत असल्यासारखे दिसत होते.

दुपारपर्यंत कुणाला काही सापडलं नाही. पिपाणीने मात्र दोन बाटल्या पाणी संपवलं. त्याचं जे व्हायचं ते झालं. उघड्या टेकडीवर आडोसा एकच, मोठ्या दगडामागचं झुडूप. कुणी फिरकू नये म्हणून तिने चारी बाजूंना झेंडे रोवले. नियमाचा इतका चोख उपयोग त्या टेकडीवर कुणीच केला नव्हता. फक्त निघताना झेंडे काढायचे राहिले.

थोड्याच वेळात पथकाच्या प्रमुख मॅडमची आरोळी आली. “अहो, इकडे या! चौकोन आहे, चौकोन! कुणी आखला?”

“मी,” पिपाणी म्हणाली. आयुष्यात प्रथमच हळू.

“शाब्बास! याला म्हणतात नजर!”

बाबा गुडघ्यांवर बसून ब्रशने माती झटकू लागले. मॅनेजर खुर्ची सोडून आले.

“मॅडम, इथल्या मातीचा रंग वेगळाय,” बाबा जवळजवळ ओरडलेच. “आणि ओल आहे!”

“एवढ्या उन्हात ओल?” मॅडमनी चिमूटभर माती नाकाशी नेली. “क्षार आहेत. खाली नक्की काहीतरी आहे. नमुना प्रयोगशाळेत पाठवा.”

“बाबा, नका ना!”

“घाबरू नकोस गं. पहिल्यांदा सगळ्यांचं असंच होतं.”

माती पिशवीत भरली गेली, पिशवीवर बाबांचं नाव पडलं. मग मात्र पिपाणीने त्यांच्या कानात सगळं सांगून टाकलं. बाबांचा ब्रश थांबला. त्यांनी पिशवीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे, मग बराच वेळ कुठेच नाही.

“काय म्हणतेय पोरगी?” मॅनेजरनी विचारलं.

“खोल खणा म्हणतेय,” बाबा म्हणाले.

आता खणण्यावाचून गत्यंतर नव्हतं. वीतभर खाली खट् असा आवाज आला. घडीव दगड. मधोमध भोक, दोन बाजूंना पावलांपुरते उंचवटे, खालून नाली. शेजारी तसाच दुसरा, पलीकडे तिसरा.

मॅडम डोळे पुसत म्हणाल्या, “शौचकूप आहे हो! चांगली शेकडो वर्षं जुनी ओळ.”

“म्हणजे संडासापायी माझी खाण अडणार?” मॅनेजर ओरडले.

“संडास आहे म्हणजे घरंही असणार. माणसं काय लांब जातात? टेकडीला आता हात लावायचा नाही.”

रात्री जेवताना बाबा तिसऱ्यांदा हात धुऊन पानावर बसले.

“पण मी म्हणते,” आई म्हणाली, “एवढ्या टेकडीत नेमकी तीच जागा हिला सुचली कशी?”

बाबांना ठसका लागला. पिपाणीने त्यांच्यापुढे पाणी सरकवलं आणि आपल्या मूळ पट्टीत जाहीर केलं, “आई, बाबा, माझं ठरलं. मी मोठी होऊन बाबांचंच काम करणार. फक्त सोबत पाणी भरपूर द्यायचं.”