काकांचा न चिडणारा जोडीदार

टेबलावर पत्त्यांचा एक कॅट, भोवती चार खुर्च्या आणि त्यांवर एकच माणूस : भालचंद्रकाका. शरयूकाकू आठ दिवसांपासून स्वयंपाकघरात. "ब्रिज खेळताना माझ्यावर ओरडणं बंद करा, मंगच मी पत्त्याला हात लावीन," एवढं बोलून तिनं अबोला धरला होता. मी अंकुशनगरच्या साखर कारखान्यात लॅबमध्ये असते, राहते काकांकडे. त्यामुळे दोघांचे निरोप पोचवायचं काम माझं! आणि रविवारी कॉलनीच्या क्लबात जोड्यांची स्पर्धा!

"काका, ऑनलाइन खेळा," मी लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवून, छाती पुढे काढून म्हटलं. "जोडीदार कॉम्प्युटर. न ओरडण्याची सवय होईल. यंत्रावर कोण ओरडतं?"

सहा मिनिटं शांतता टिकली. मग काकांनी बोली लावली, "तीन किलवर." कॉम्प्युटरनं पास दिला.

काका बॉयलरसारखे उकळले! "बिनडोक! मी विचारून राह्यलो आन् तू पास देतोस? आता किलवरच हुकूम ठरणार, आन् माझ्याकडं किलवरचं एकच पान हाय!"

"मग किलवर का बोललात?" मी विचारलं.

"ती आमची घरची खूण हाय!" काका पुन्हा स्क्रीनकडे वळले. "आता गप काय बसलास? बोल की!"

तेवढ्यात शेजारच्या नंदाबाई लाटणं घेऊन आत! "शरयूताई, चला माझ्या घरी! बस्स झालं ह्यांचं!"

"मला न्हाई वो," काकू दारात आली. "कॉम्प्युटरला बोलून राह्यलेत."

"मंग त्याला नेते!" नंदाबाईंनी लॅपटॉप खरंच काखेत मारला! काकांनी चार्जरची वायर धरली, मी नंदाबाईंचं लाटणं!

"त्या बिचाऱ्याला काय कळणार?" काकू म्हणाली. "तीन किलवर म्हणजे जोडीदाराची चौकट कशी हाय, ते विचारलंय."

काकांनी वायर सोडली. "शरयू... खेळतीस का?"

"ओरडणार?"

काकांनी प्रामाणिकपणे विचार केला. "ओरडीन. पण तू बी ओरड."

"मी तर बिलकुल सोडणार न्हाई!" काकूनं खुर्ची ओढली. मी हुश्श केलं आणि नंदाबाईंना लाटणं परत दिलं.

रविवारी दोघं क्लबात खेळले. आठ जोड्यांत त्यांचा सातवा नंबर आला. आठवी जोडी आलीच नव्हती.