मोटेवरची फटफटी

हावगेप्पानं फटफटीची चेन खोलली तेव्हा ती परत कशी बसवायची हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही असं कबूल करील तर तो हावगेप्पा कसला. पोलीस ॲक्शननंतर एक अंमलदार गाशा गुंडाळून निघाला, त्याच्याकडून त्यानं ही फटफटी घेतली होती. घरात तिच्यावर जीव टाकणारा तो एकटा. थोरला भाऊ चनमल्लप्पा मात्र पहिल्या दिवसापासून तिला पाण्यात पाहायचा.

आज सकाळी चनमल्लप्पानं निकालच लावला.

"हुमनाबादचे जगदेवप्पा तुझी फटफटी घ्याया तयार हायत. मी त्यांला बसवरून आनाया जायलो. तीन दिस झाले, चेन साफ करतो म्हनून गाडी भिताडाला टेकवलीस. मी येईस्तवर चालू झाली तर ऱ्हाऊ दे. न्हाई तर आजच सौदा."

"चालू करूनच दाखवतो," हावगेप्पा म्हणाला. "सौदा व्हनार न्हाई."

"त्यापरीस मिस्त्रीला बोलाव की."

"मिस्त्री मला म्हनला, हे नांगरधऱ्याचं काम न्हाई. आता मेलो तरी त्याच्या दारात जानार न्हाई."

चनमल्लप्पा पुटपुटत निघून गेला. हावगेप्पानं बाह्या सारल्या. चेन घासलेटात बुडवून लख्ख झाली होती, तिला बैलगाडीचं वंगणही फासून झालं होतं. पण मागचं चाक जमिनीवरून उचलल्याशिवाय ती दात्यांवर चढेना, आणि चाक उचलून धरणारा स्टँड केव्हाच मोडलेला. त्यानं बायकोला, रुद्रम्माला, हाक मारली. दोघांनी मिळून गाडी वीतभर उचलली, खाली धोंडा सरकवला, धोंडा निसटला, आणि रुद्रम्माच्या कमरेत उसण भरली ती वेगळीच.

"अवं, मिस्त्री बरा व्हता की," ती कंबर धरून म्हणाली.

त्या नावानं हावगेप्पाचं टाळकं पुन्हा सणकलं. त्याची नजर विहिरीकडे गेली. सकाळीच मोट चालवून झाली होती, देवणी बैलांची जोडी अजून जुंपलेलीच होती.

"एवढी थोरली मोट बैलं तळातून वर काढत्यात," तो म्हणाला. "त्यांला फटफटीचं काय वजन?"

"डोस्कं ठिकाण्यावर हाय का तुमचं?"

"हाय म्हनूनच सुचलं. तू हँडल धर."

त्यानं गाडी ढकलत विहिरीच्या काठावर आणली. चामड्याची मोट सोडून ठेवली आणि कप्पीवरून येणारा तिचा दोर, नाडा, फटफटीच्या सीटमागच्या कॅरिअरला आवळून बांधला. नाडा ताणून बसावा म्हणून बैल उतारावरून, म्हणजे धावेवरून, खाली आणले. धाव संपायला चार पावलं उरली तिथं उभे केले. बेत अगदी सरळ होता. बैलांनी एकच पाऊल टाकायचं, चाक हातभर उचललं जायचं, की थांबायचं.

बैलांनी पाऊल टाकलं. चाक उचललं गेलं.

"हो, हो," हावगेप्पा म्हणाला.

बैल कशाला ऐकतात. धाव संपेपर्यंत थांबायचं नसतं, हे सहा वर्षं त्यांच्या अंगी मुरवलं होतं आणि ते मुरवणारा हावगेप्पाच होता. त्यांनी उरलेली तिन्ही पावलं इमानेइतबारे टाकली. फटफटीनं जमीन सोडली, एक झोका घेतला आणि ती विहिरीच्या तोंडावर उलटी लटकली.

"तू हँडल कामून सोडलंस?" हावगेप्पा ओरडला.

"मग काय त्याच्यासंगं विहिरीत जाऊ?" रुद्रम्मानं विचारलं.

त्यानं बैलांना मागं रेटलं, गोंजारलं, शेवटी शिव्या घातल्या. बैल ढिम्म.

"मोटंचं पानी थारोळ्यात पडल्याबिगर मागं सरायचे न्हाईत ते," रुद्रम्मा म्हणाली. "घागर ओतू का त्यात?"

"थांब. आत्ता मागं सरले तर गाडी तळाला जाईल," हावगेप्पा म्हणाला आणि गाडीकडे पाहू लागला. मागचं चाक मोकळं, छातीच्या उंचीवर, हवेत संथ फिरत होतं. त्याचा चेहरा उजळला. "वर आलीच हाय, तर चेन बसवूनच उतरवतो. बघू कोन काय म्हनतंय."

तो विहिरीवर आडव्या टाकलेल्या मोटेच्या लाकडावर मांडी ठोकून बसला. खाली पाणी, समोर चाक. अर्ध्या तासात एकेक कडी दात्यावर चढली, जोडकडी बसली, आणि चाक हातानं फिरवलं तर चेन गुमान फिरू लागली. तेवढ्यात चनमल्लप्पा पाहुण्यांना, जगदेवप्पांना, घेऊन आला आणि जागच्या जागी खिळला.

"हावग्या, गाडी विहिरीत कामून लटकायली?"

"लटकायली न्हाई. दुरुस्ती चालू हाय."

"विहिरीवर?"

"चालू झाली तर ऱ्हाऊ दे म्हनलाव. कुठं करू ते तुमी सांगितलं न्हाई."

चनमल्लप्पानं कपाळावर हात मारला, पण गाडी बुडाली तर सौदाही बुडेल म्हणून हँडलला हात घातला. जगदेवप्पांनी धोतर खोचून चाक धरलं. दोघांनी फटफटी काठाकडे ओढली, रुद्रम्मानं थारोळ्यात घागर ओतली. धबधब आवाज ऐकताच बैल पाऊल पाऊल मागं सरू लागले, आणि फटफटी काठावर टेकली. हावगेप्पानं नाडा सोडला, किक मारली. तिसऱ्या किकला ती अशी फटफटली की आंब्यावरचे कावळे उडाले.

"झाली चालू," तो भावाला म्हणाला. "आता बोला."

चनमल्लप्पानं पाहुण्यांकडे पाहिलं तर ते जागेवर नव्हतेच. ते धावेवर जाऊन एका बैलाच्या पाठीवरून हात फिरवत होते.

"किती येळ उभी व्हती ही जोडी?" त्यांनी विचारलं.

"आर्धा तास तरी," रुद्रम्मा म्हणाली.

"एवढं वजन धरून? अन् पाय हलवला न्हाई?" जगदेवप्पांनी मान डोलावली. "चनमल्लप्पा, जी गाडी दुरुस्त कराया बैलजोडी लागती, ती घिऊन मी काय करू? मला जोडीच द्या."

"बैल इकायचे न्हाईत," चनमल्लप्पा घाईनं म्हणाला.

"सौद्याला बोलावलाव तुमीच. रिकाम्या हातानं परत जाऊ का? तुमी म्हनाल तो भाव," म्हणत जगदेवप्पांनी कासऱ्याला हात घातला. चनमल्लप्पानं तो हिसकावून घेतला. जगदेवप्पांनी पुन्हा धरला. अशी दोनदा ओढाताण झाली, आणि पाहुणे काही हटेनात.

"हावगेप्पा," चनमल्लप्पा भावाकडे न बघता म्हणाला, "पाव्हण्यांला घरापत्तोर सोडून ये. आत्ताच्या आत्ता. गाडीवर."

"कुनाच्या गाडीवर?" हावगेप्पानं विचारलं.

चनमल्लप्पानं कासरा दोन्ही मुठींत आवळला.

"आपल्या," तो म्हणाला. "जा लवकर."