सासूबाईंच्या कॉम्प्युटरवर ‘मेक’ बसवताना

कॉम्प्युटरच्या बाबतीत मी कुणाच्या बापाला भीत नाही, हे आमच्या घरात सर्वांना ठाऊक आहे. मीच ते वरचेवर सांगत असतो.

त्या रविवारी सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, हा कॉम्प्युटर म्हणतोय, ‘मेक’ सापडत नाही."

सासूबाई शाळेत गणित शिकवतात. अख्ख्या शाळेचं वेळापत्रक आखणारा प्रोग्रॅम त्यांनी या वयात स्वतः शिकून लिहिला, याचं मला मनापासून कौतुक आहे. मुख्याध्यापिकांनी बजावलं होतं, संध्याकाळपर्यंत कागद हातात पडला तर ठीक, नाहीतर उद्यापासून जुनंच वेळापत्रक. जुन्यात दोन शिक्षक एकाच वर्गात येऊन एकमेकांना "तुम्ही इथे कसे?" असं विचारत. आणि ‘मेक’ म्हणजे कॉम्प्युटरमधला मुकादम. कुठलं काम आधी, कुठलं नंतर, हे फाइलमध्ये वाचून क्रमाने करून घेणारा. मी नुकताच त्यांना लिनक्सवाला कॉम्प्युटर दिला होता, त्यात हा मुकादम नव्हता.

"दोन मिनिटांचं काम, आई. तुम्ही निवांत बसा."

मी ‘मेक’ बसवायचा हुकूम सोडला. लिनक्स म्हणालं, असं पॅकेजच नाही. आधी पॅकेजांची यादी ताजी करायची असते, हे मला मागाहून आठवलं. त्या वेळी मी "मशीनच भिकार आहे" असं जाहीर केलं आणि बायकोच्या मॅक कॉम्प्युटरकडे वळलो.

मॅकने अदबीने विचारलं, डेव्हलपरची साधनं उतरवून घेऊ का? मी हो म्हटलं. मला हवा होता एक मुकादम, तो निघाला सबंध कारखाना आणायला! घरातलं सगळं इंटरनेट त्याच्या घशात गेलं. आतल्या खोलीतून बायको म्हणाली, "व्हिडिओवर माझी ताई तोंड उघडं ठेवून गोठलीय. काय केलंस तू?"

"आईंचं काम करतोय."

उरला माझा ऑफिसचा विंडोजवाला लॅपटॉप. त्याने अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागितला. मी अंदाजाने ठोकत गेलो आणि लॅपटॉपला कुलूप लागलं. लगेच आयटी विभागाचा फोन.

"सर, तुमच्या लॅपटॉपमध्ये कुणीतरी घुसायला बघतंय."

"मीच आहे तो."

"मग हात लावू नका, सर."

तेवढ्यात सासूबाई पेन ड्राइव्ह घेऊन आल्या. "प्रिंटर मॅकलाच जोडलाय ना? वेळापत्रक झालं."

"मेकशिवाय?"

"त्या फाइलमधले हुकूम मीच तर लिहिलेत. एकेक करून हाताने दिले. मुकादम आला नाही म्हणून काम थोडंच थांबवायचं?"

बाई खरंच ग्रेट आहेत. त्यांनी सगळं फोल्डर मॅकवर उतरवलं, कागद छापले, चपला घातल्या आणि थेट मुख्याध्यापिकांचं घर गाठायला निघाल्या.

मग मॅकचा कारखाना उतरून पूर्ण झाला. मेहनत वाया जाऊ नये म्हणून मी बायकोला शेजारी उभं केलं आणि त्याच फोल्डरमध्ये रुबाबात ‘मेक’ टाइप केलं. मुकादमाने फाइली तपासल्या, सगळं आधीच तयार असल्याचं पाहिलं आणि एका ओळीत कळवलं: इथे करण्यासारखं काही नाही.

बायकोने ते मोठ्याने वाचलं आणि म्हणाली, "याने बरोबर ओळखलं तुला."