सासऱ्यांच्या गाडीची आंघोळ

"गाडी धुणं म्हणजे काय हो बाबा? लहान मुलाला आंघोळ घालण्यासारखं! फक्त ही रडत नाही!"

जावईबापूंनी असं जाहीर केलं, तेव्हा दोन दिवस मुक्कामाला आलेले सासरेबुवा सासूबाईंसोबत फिरायला जाण्यासाठी बूट घालत होते. त्यांचा हात नाडीवरच थांबला. ती क्रीम रंगाची गाडी म्हणजे त्यांचा जीव की प्राण! सासूबाईंनासुद्धा चपला झटकल्याशिवाय आत पाय ठेवता येत नसे.

"ओरखडा आला तर?"

"तर नाव बदलीन!"

जावईबापूंचा डाव वेगळाच होता. बायकोला समुद्र दाखवायचं वचन लग्नापासून लोंबकळत होतं. त्यासाठी हीच गाडी आठवडाभर मागून पाहिली होती, पण सासऱ्यांनी 'बघू' म्हणून टोलवलं होतं. ती अशी चकचकीत करायची, की सासऱ्यांनी आपणहून किल्ली पुढे करावी!

सासूसासरे फाटकाबाहेर पडले आणि भाड्याने आणलेला प्रेशर वॉशर अंगणात आला. दुकानदाराने बजावलं होतं, "साहेब, गाडीला पांढरं नोझल, तेही हातभर लांबून. लाल नोझल फरशीवरचं शेवाळ खरवडायला." पण पांढऱ्यातून पाणी आलं ते अगदीच सात्त्विक. जावईबापूंनी नाक मुरडलं आणि लाल चढवलं.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायकोने ते पाहिलं. त्यात गाडीची मागची काच वीतभर उघडी! पण बोलणार कशी? सकाळी देवापुढचा दिवा तेवतोय तोवर शब्द काढायचा नाही, हे तिचं रोजचं व्रत. तिने तळहात खालून वर नेला. काच वर करा!

"प्रेशर वाढवू? बरं!" जावईबापूंनी बटण शेवटपर्यंत फिरवलं.

तिने दोन्ही हातांनी हवा ढकलली. मागे सरा!

"आणखी पुढे? हा घे!"

तिने कपाळावर हात मारून घेतला.

"टपावरही मारू? आलोच!"

टप झाला, दारं झाली, आणि मागच्या चाकावरच्या पत्र्यावर फवारा पडताच फट्ट! तळहाताएवढा क्रीम रंग उडाला आणि थेट जावईबापूंच्या चष्म्यावर येऊन चिकटला. चष्मा पुसून पाहतात तो काय, गाडीला करड्या रंगाचं ठिगळ! समुद्र डोळ्यांपुढे आटला. तेवढ्यात फाटक वाजलं. जावईबापू त्या जागेला पाठ लावून उभे राहिले.

सासूबाई पाणी प्यायला आत गेल्या. सासरे जवळ आले.

"बाजूला व्हा."

"नको बाबा, ऊन खातोय."

"ओल्या शर्टाने?"

त्यांनी खांद्याला धरून जावयाला हलवलं. पाहिलं. आता कडाडणार, म्हणून जावईबापूंनी डोळे मिटून घेतले. पण कानाशी कुजबूज आली.

"हिने पाहिलं का?"

"कोणी?"

"अहो, तुमच्या सासूने! ही बहिणीकडे गेली होती तेव्हा मी गाडी फाटकाच्या खांबावर घातली. पोचा आला, त्यात पुट्टी भरून घेतली. आणि हिला सांगतोय, माझ्या हातून गाडीला कधी टवका उडत नाही!"

एवढं बोलून त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि जावयाच्या मुठीत कोंबली. "आठवडा काय, पंधरा दिवस न्या! येताना रंगवून आणा. बोलायचं नाही!"

जावईबापू पुन्हा पाठ लावून उभे राहिले, तोच सासूबाई बाहेर आल्या. "माझी पिशवी राहिली गं बाई मागे," म्हणत त्यांनी मागचं दार उघडलं. बादली उपडी करावी तसं पाणी त्यांच्या पायांवर आलं. मागून पिशवीही पोहत आली!

"हे काय?" आता मात्र सासरे कडाडले. "किल्ली आणा इकडे!"

जावईबापूंनी पाठ गाडीपासून थोडीशी दूर केली.

"असू दे, असू दे!" सासरे घाईघाईने म्हणाले. "पाणीच आहे. वाळेल."

खिडकीतून अगदी हळू आवाज आला, "अहो, काच उघडी होती."

"मग आधी नाही का सांगायचं!"

"मौन होतं ना."

"कसलं मौन गं?" सासूबाई निऱ्या पिळत म्हणाल्या. "मी आत आले, तेव्हाच दिवा शांत झाला होता की!"

बायकोने नवऱ्याच्या मुठीकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली.

"हो. पण म्हटलं, किल्ली मिळेपर्यंत थांबावं."