श्रीखंड म्हणजे चंदन

लग्नाच्या पंगतीत श्रीखंड आलं, की आमचे शेजारी नार्वेकरअण्णा पानावर आडवा हात धरतात. "आधी श्रीखंड म्हणजे काय ते सांग, मग वाढ." वाढपी गोंधळतो. अण्णा स्वतःच उत्तर देतात, "चंदन. संस्कृतात श्रीखंड म्हणजे चंदन. आता मला सांग, चक्क्याला चंदनाचं नाव कोणी दिलं?" तोवर वाढपी पुढच्या पानावर गेलेला असतो आणि अण्णांचं पान तसंच राहतं.

अण्णा जन्मभर बोटीवर कुक होते. बायको गेल्यापासून मिरजोळ्याच्या घरात एकटेच. मुलगाही बोटीवर. मी शाळेत मराठी शिकवते, म्हणून रोज संध्याकाळी पाचला ते माझ्या पायरीवर येऊन बसायचे.

"बाई, माझं म्हणणं असं आहे बघा. चक्का चाळणीवर घासायचा, चंदन सहाणेवर घासायचं. हात तोच फिरतो."

दुसऱ्या दिवशी नवीन. "केशर घातलं की रंग गंधासारखा दिसतो की नाही?" आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी, "दोन्ही थंड हो. एक कपाळाला, एक पोटाला." मी वह्या तपासत नुसतं हं हं करायची.

गेल्या महिन्यात, एकदाचा निकाल लागावा म्हणून, मी कॉलेजातल्या माझ्या जुन्या सरांना फोन केला. ते म्हणाले, दह्याच्या पक्वान्नाला संस्कृतात शिखरिणी म्हणत. ते झिजून श्रीखंड झालं असावं. चंदनाचा काही संबंध नाही. संध्याकाळी मी मोठ्या आनंदाने अण्णांना सांगितलं.

"म्हणजे मिटलं?"

"मिटलं."

त्यांनी चपला घातल्या आणि गेले. नंतर चार दिवस आलेच नाहीत. शेवटी मीच गेले. अण्णा पडवीत बसले होते, रस्त्याकडे तोंड करून.

"बरं नाही का, अण्णा?"

"बरा आहे हो." मग म्हणाले, "आता तुमच्याकडे काय निमित्ताने यायचं, ते सुचेना."

मी म्हटलं, "सर 'झालं असावं' म्हणाले, अण्णा. 'झालं' असं नाही म्हणाले."

ते लगेच उठले. "बसा, चहा टाकतो," म्हणत आत गेले. ओट्यावर एकच कप पालथा घातलेला होता. दुसरा शोधत ते कितीतरी वेळ फळीवरचे डबे सरकवत होते.