गोलच्या मागची जागा

तात्या मुकादम फुटबॉलचा सामना नेहमी समोरच्या संघाच्या गोलमागे उभं राहून पाहत. बाजूला चिंचेची सावली असे, पाहुण्यांसाठी बाकडी मांडलेली असत, कधीमधी कोकमाचं सरबतही फिरे. पण तात्या खाकी अर्धी चड्डी घालून, डोक्याला टॉवेल गुंडाळून, गोलच्या दोन बांबूंच्या बरोबर मधोमध, भर उन्हात. हात पुढे पसरलेले. माडीवरून कुणीतरी तान्हं मूल खाली टाकणार आहे आणि ते यांना झेलायचं आहे, असा एकूण आविर्भाव. मध्यंतरानंतर संघांनी बाजू बदलल्या की तात्याही मैदानाला वळसा घालून दुसऱ्या टोकाला जात आणि पुन्हा हात पसरत. सामन्यात त्या हातांत चेंडू आलेला मात्र मी पाहिला नव्हता. आमच्या संघाला गोल मारताच येत नसे.

ही सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. मी रत्नागिरीकडून भाईंदरच्या एका प्राथमिक शाळेत मास्तर म्हणून आलो होतो आणि खाडीकाठी एक खोली घेऊन राहत होतो. शेजारची खोली तात्यांची. ते मिठागरावर मुकादम होते. मिठागरावर राबणाऱ्यांची वयात आलेली पोरं गोळा करून त्यांनी फुटबॉलचा संघ काढला होता. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मास्तर म्हटल्यावर शिट्टी आणि सेक्रेटरीपद आपोआप गळ्यात पडलं. नाही म्हणायची सोयच नव्हती. तात्या भिंतीपलीकडून हाक मारत, आणि भिंत पातळ होती.

गोलमागे उभं राहायच्या सवयीला कारण होतं. मिठागराच्या मालकाने सरावासाठी एक निकामी झालेला वाफा दिला होता, पण अटीवर. त्या वाफ्याच्या एका टोकाला बांध आणि बांधापलीकडे मीठ धरलेले चालू वाफे. मिठात चेंडू पडला की मिठाला चिखल लागणार, आणि पडला तर खेळ बंद. मग तात्यांनी तोडगा काढला. बांधालगत गोल उभारला आणि स्वतः त्याच्या मागे बांधावर उभे राहिले. येईल तो चेंडू अडवायचा. अडवता अडवता त्यांना त्या जागेची इतकी गोडी लागली की जिथे मागे मीठ नाही, नुसतं गवत आहे, तिथल्या सामन्यांतही ते तिथेच जाऊन उभे राहू लागले. "मास्तर, सगला खेल इथनंच दिसतो. पोरांची तोंडं दिसतात. बाजूला उभं ऱ्हायलं तर काय दिसतं? कान!"

आमची पोरं खेळायची मात्र झकास. चिखल तुडवून पाय पोलादी झालेले, दम दांडगा. मधल्या मैदानात आमच्यापुढे कुणी टिकत नसे. चेंडू नाचवत नाचवत गोलपर्यंत यायची, गोलकीपरला लोळवायची, आणि पुढे बघावं तर काय, एखाद्या म्हाताऱ्या आत्याला हात धरून रस्ता ओलांडायला लावावा तसा चेंडूला हळूच पाय लावायची. चेंडू रेषेच्या अलीकडे दमून थांबायचा. पांडू म्हणून आमचा सेंटर फॉरवर्ड होता, मिठाच्या गोणी फुलासारख्या उचलणारा गडी. तोसुद्धा गोलसमोर आला की नव्या नवरीसारखा लाजायचा.

तात्या मागून ओरडत, "अरं पानी उघाडीपर्यंत आलं, आत कोन घेनार?"

उघाडी म्हणजे भरतीचं पाणी मिठागरात घ्यायचं दार. मुकादमाच्या तोंडी दुसरी काय भाषा असणार! सराव संपला की "चला, ओहोटी लागली." कुणी चुकून चांगला खेळला की "आता मीठ धरलं."

गोल होत नाही म्हणून उपाय केले ते काही विचारू नका. पोरांना कच्ची अंडी पाजली. पांडूचे बूट ठाण्याहून आणलेले, ते बाधले असं ठरवून त्याला अनवाणी खेळवलं. एकदा तर तात्यांनी समोरच्या संघाच्या बांबूला लिंबू-मिरची बांधली. त्या संघाच्या कॅप्टनने हरकत घेतली तेव्हा म्हणाले, "तुमच्या गोलला नजर लागू नये म्हनून बांधली, राग कशाला धरता?" मी मास्तरी थाटात निदान केलं की मिठात चेंडू जाण्याच्या धाकाने पोरांचे पाय आखडले आहेत. तात्यांना ते एकदम पटलं. त्यांनी पोरांना जमवून सांगितलं, "मिठाला भिऊ नका. मी हाय ना मागं!" पोरांनी एकमेकांकडे पाहिलं आणि माना खाली घातल्या.

त्याच्या बऱ्याच आधी, मी नवीनच आलो होतो त्या हिवाळ्यात, एक प्रकार घडला होता. सरावात पांडूने सणसणीत चेंडू हाणला आणि तो तात्यांच्या थेट तोंडावर बसला. चष्मा फुटला आणि तात्या बांधावरून मागे, मिठाच्या वाफ्यात उताणे. काही वेळ हललेच नाहीत. पोरं धावली. पांडू तर मोठ्याने रडायला लागला. मग तात्यांनी एक डोळा उघडला, तोंडातलं खारं पाणी थुंकलं आणि विचारलं, "गोल झाला ना?" सगळे हसले. चष्म्याला दोरा बांधून तात्या दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधावर. मीही तो प्रकार विसरून गेलो.

तात्यांच्या घरात दुसरं कुणी नव्हतं. बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेली, मूल नाही. खोलीत एक खाट, एक स्टोव्ह आणि भिंतीवर खिळ्यांना ओळीने टांगलेले अकरा कप. सराव संपला की पोरं तिथे चहाला येत आणि मग त्या खोलीत पाय ठेवायला जागा नसे. पावसाळ्यात मिठागर बंद, खेळ बंद, पोरं गावोगाव शेतीला. तेव्हा तात्या सगळे कप उतरवून धूत आणि पुन्हा टांगून ठेवत. भिंतीपलीकडून मला कपांचा आवाज यायचा, आणि त्यानंतर काहीच यायचं नाही. एकदा मी विचारलं, "तात्या, न वापरलेले कप कशाला धुता?" म्हणाले, "धूल बसते, मास्तर. मानसावर बसते तशी." आणि लगेच हसले.

हे उपाय चालले होते त्याच हिवाळ्यात उत्तनच्या कोळीवाड्यातल्या मंडळींनी आम्हाला नेहमीप्रमाणे सामन्याला बोलावलं. पण निरोपाबरोबर शेपूट होतं. लोक कंटाळतात, यंदा तुमचा एकही गोल झाला नाही तर पुढच्या वर्षी दुसरा संघ बोलावू. आम्हाला बोलावणारे तेवढेच एक उरले होते. पोरंही कुजबुजत होती की हे शेवटचं, मग संघ मोडू, कारखान्यांत कामं मिळतायत. तात्यांच्या कानावर ते आलं होतं. त्या दिवशी मिठाच्या ट्रकमधून उत्तनला जाताना आपले अकरा कप कुणी उचलून नेतंय असा त्यांचा चेहरा झाला होता.

पहिल्या अर्ध्यात नेहमीचंच झालं. पांडू तीनदा गोलच्या तोंडाशी पोचला आणि तीनदा चेंडूला गोंजारून परत आला. मध्यंतरात उत्तनचा गोलकीपर दुमिंग माझ्याजवळ आला. मासेमारी करणारा आडदांड माणूस, गळ्यात क्रूस, आवाज होडीवरचा.

"मास्तर, एक सांगू? राग नको धरू. तुमची पोरा माझ्याकडं बघतच न्हाय. मारायच्या टायमाला माझ्या मागं बघतात. त्या म्हाताऱ्याकडं. त्याला लागंल म्हणून मारत न्हाय. बॉल मी कुठं अडवतोय? तोच अडवतोय."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. फुटलेला चष्मा, रडणारा पांडू, खाली घातलेल्या माना. आणि आम्ही अंडी पाजत होतो!

तात्या मैदानाला वळसा घालून समुद्राकडच्या गोलमागे निघाले होते. मी त्यांना वाटेत गाठलं. कसं सांगावं कळेना, म्हणून दुमिंग बोलला ते जसंच्या तसं सांगून टाकलं.

तात्यांनी चष्मा काढला. टॉवेलाने पुसला. परत घातला.

"माझ्यामुलं?"

"पोरांचा जीव आहे हो तुमच्यावर."

"कल्लं." टॉवेल पुन्हा डोक्याला गुंडाळत म्हणाले, "मी जरा समुद्र बघून येतो. लय दिवसांत जवलनं बघितला नाय."

ज्या माणसाचं उभं आयुष्य खाडीच्या पाण्यात गेलं तो समुद्र बघायला निघाला. गोलजवळून गेले, थांबले नाहीत, उताराने खाली उतरले आणि वाळत घातलेल्या बोंबलांच्या दांड्यांआड दिसेनासे झाले.

खेळ सुरू झाला. शेवटची काही मिनिटं उरली असताना पांडूला चेंडू मिळाला. दोघांना चकवून तो गोलसमोर आला, आणि सवयीने त्याने दुमिंगच्या मागे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. तो गोंधळला. मान वळवून त्याने बाजूची गर्दीही शोधली. दुमिंग पुढे झेपावला तेव्हा कुठे त्याने पाय उचलला, आणि असा हाणला की चेंडू दुमिंगच्या कानाजवळून गेला, गोलमधून गेला, जाळी नव्हतीच, तसाच उतारावरून खाली गडगडत गेला. पोरं एकमेकांच्या अंगावर पडली. मास्तर असूनही मी उड्या मारल्या. मग चेंडू आणायला खाली धावलो.

बोंबलांच्या मागे तात्या वाळूत बसले होते. गोलच्या बरोबर रेषेत. चेंडू त्यांच्या मांडीवर होता.

"कोनी मारला?"

"पांडूनं!"

"कुठल्या पायानं?"

"डाव्या."

"वरनं का जमिनीलगत?"

मी सगळं सांगितलं. दोघांना कसं चकवलं, दुमिंग कसा झेपावला. ते एकेक गोष्ट दोनदा विचारून घेत होते. त्या जागेवरून वाळत घातलेल्या बोंबलांशिवाय काही दिसत नव्हतं. मग चेंडूवरची वाळू झटकत त्यांनी हळूच विचारलं, "मारायच्या आधी... मागं बघितलं काय त्यानं?"

"बघितलं, तात्या. आधी तिथंच बघितलं. मग गर्दीत शोधलं तुम्हाला."

टॉवेल डोक्यावरून काढून त्यांनी तोंड पुसलं, चांगलं बराच वेळ पुसलं. "वाऱ्यानं वालू उडते इथं," म्हणाले आणि चेंडू माझ्या हातात दिला.

परतताना ट्रकमध्ये पोरांचा नुसता धिंगाणा. पांडू तात्यांना खेटून बसला होता. "तात्या, तुमी कुठं होताव? पाह्यलाव ना?"

"पाह्यला तर! समुद्राकडच्या बाजूनं सगला साफ दिसतो." आणि तात्यांनी तो गोल सांगायला सुरुवात केली. दोघांना चकवणं, डावा पाय, दुमिंगचा कान, सगळं हातवारे करून. मी सांगितलं त्याहून कितीतरी झकास. पोरं पुन्हा पुन्हा सांगायला लावत होती. तात्याही घसा बसेपर्यंत सांगत राहिले, "पानी उघाडीपर्यंत आलं, अन् या पांडूनं आत घेतलं!"

पुढच्या वर्षीही आम्हाला बोलावणं आलं, आणि पुढेही बरीच वर्षं येत राहिलं. गोल होत राहिले. तात्या दर सामन्याला असेच कुठेतरी लांब, आड जाऊन बसत आणि येताना ट्रकमध्ये गोल सांगत.

उत्तनचा तो पहिला गोल तर त्यांनी जन्मभर सांगितला. त्यातलं पांडूचं ते गोलमागे बघणं आणि गर्दीत शोधणं तेवढं मात्र कधीच कुणाला सांगितलं नाही.